टोपण माझ्याकडं राहू द्या

गुरुजींच्या सोप्यात सतरंजी पसरली आहे, तिच्यावर जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं आणि फडक्यावर पेनं ओळीनं मांडलेली. आज नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार. २०१२ पासून जगभरातले शाईपेनवाले हा दिवस आपला म्हणून पाळतात. मुरगूड म्हटलं की लोकांना आखाडा आठवतो. इथं जमलेल्या सात-आठ जणांत मात्र मोडलेल्या कानाचा एकही नाही, निळ्या बोटांचे सगळे आहेत. बाहेर निपाणी रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जातो, तेवढा वेळ बोलणं थांबतं आणि परत तिथूनच सुरू होतं.

मेडिकलवाल्या दादांनी सोनेरी टोपणाचं हिरो आणलं आहे. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, नुसतं टोक बाहेर. शांघायची ही कंपनी १९३१ सालची, आणि त्याच साली मुंबईत दांडेकरांनी हॉर्स ब्रँडची शाई विकायला सुरुवात केली, जिचं पुढं कॅम्लिन झालं. दादा हे सांगतात तेव्हा सगळे माना हलवतात. दर वर्षी सांगत असावेत.

गुरुजींचं पेन हातात घेतलं की आधी वास येतो, रबराचा. एबोनाइटचं आहे, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. मुळात काळं, पण वर्षानुवर्षं ऊन लागून नळी तपकिरी पडली आहे आणि टोपणाखाली झाकलेला भाग तेवढा काळाच राहिला आहे. राजमहेंद्रीचं रत्नम. या रत्नम यांना गांधीजींनी १९३५ च्या जुलैत वर्ध्याहून पत्र पाठवलं होतं, की तुमचं पेन वापरलं, परदेशी पेनाची जागा घेईल असं वाटतं. गुरुजी ही हकिकत स्वतः सांगत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी सांगावी म्हणून पेन जरा पुढं सरकवतात.

पेन दाखवायला कुणाचीच ना नसते. खरी परीक्षा दुसऱ्याला लिहायला देताना. अण्णांचं पेन तर फडक्यावर आलेलंच नाही, ते खिशात आहे. अण्णा बाँडरायटर. कागलला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून त्यांनी खरेदीखतं, बक्षीसपत्रं, वाटणीपत्रं हातानं लिहिली. आता सगळं संगणकावर टाइप होतं, पण खिशातलं पेन काही हललेलं नाही.

कॉलेजात शिकणारी शेजारची मुलगी फडक्याशी येऊन बसते. "गुरुजी, मी बघतो की लिहून."

"बघ की. दाबू नको फकस्त."

ती पेन डाव्या हातात धरते आणि सोप्यात क्षणभर चुळबुळ होते. ओळ उमटते, पण कागद खरखरतो. दोन अक्षरं ठसठशीत, तिसरं कोरडंच. गुरुजी भिंग काढून निब उजेडाकडं धरतात. टोकाला कठीण धातूचा बारीक दाणा असतो, तो सहजी झिजत नाही. पण एकाच माणसानं, एकाच कोनात, चाळीस वर्षं वह्या तपासल्या की त्यालाही एका बाजूला सपाटी येते. त्या सपाटीवर पेन लोण्यासारखं चालतं. कोन बदलला की तिची कड कागदात रुतते. त्यात उजवा हात निब ओढत नेतो आणि डावा ढकलत नेतो. झिजलेल्या निबेला उलटी चाल सोसत नाही.

"गुरुजी, डावरी पोरं तुमीच उजव्या हाताला लावलीसा न्हवं?" अण्णा विचारतात.

"लावली. समद्यांनीच लावली त्या वक्ताला," गुरुजी म्हणतात आणि भिंग पुसायला घेतात. उत्तर प्रामाणिक आहे. फक्त ते देताना ते मुलीकडं बघत नाहीत.

मग मुलीला एकेक पेन मिळत जातं. हिरोची निब फार बारीक, कागद ओरबाडते. साखर कारखान्यातल्या स्लिपबॉयनं मुंबईच्या एअरमेलचं जाड निबेचं पेन पुढं केलंय. नवंच, अजून कुणाच्या हाताला लागलेलं नाही. त्याला ड्रॉपरनं थेट नळीत शाई भरायची, आट्यांना थोडं ग्रीस लावायचं म्हणजे गळत नाही. ते मात्र सुरळीत चालतं. ती आधी स्वतःचं नाव लिहिते, मग गावाचं, मग भरभर एक अख्खी ओळ. तळहाताची कड ओल्या शाईवरून फिरते आणि "मुरगूड" पुसटून लांब होतं. सगळे हसतात, तीही.

आता विषय शाईवर जातो आणि आवाज चढतात. रॉयल ब्लू दिसायला देखणी, पण पाणी लागलं की गेली. दादांना सुलेखा हवी. १९३४ साली स्वदेशीच्या काळात बंगालात निघालेली, मधे बंद पडून पुन्हा सुरू झालेली. अण्णांच्या मते जुन्या ब्लू-ब्लॅकची सर कशालाच नाही. तिच्यात लोह असायचं. लिहिताना निळी, आणि हवा लागेल तशी काळी होत जायची. दस्ताला तीच पाहिजे. "माणूस मातीत जाईल, सही न्हाई जायची," ते म्हणतात.

"आण्णा, तुमचं पेन?" मुलगी विचारते.

अण्णा तिच्याकडं बघतात, गुरुजींकडं बघतात. खिशातून पेन काढून टोपण फिरवून सोडवतात. टोपण मुठीत ठेवतात आणि पेन तेवढं देतात. दस्तावर सह्या घेताना पेन परत यावं म्हणून लागलेली सवय.

"शाई निम्म्याच्या खाली हाय. लई वेळ मुठीत धरू नको. आतली हवा तापली की थेंब सोडतंय."

"व्हय."

निब खरखरते. ती थांबते, कागद आडवा करते, मनगट ओळीच्या खाली घेते. आता खरखर कमी होते. अण्णा वाकून बघतात.

"झालं का?"

"आन् एक ओळ, आण्णा."

"एकच. आन् ते टोक वर उचल जरा. हां, आसं."