पांढरा पडलेला बंपर

आमच्या चाळीतील एका बांधवाची जुनी ओम्नी व्हॅन आहे. विकायला काढली, तर गिऱ्हाइकाने इंजिन ऐकण्याआधीच पांढुरक्या बंपरकडे बोट दाखवून किंमत पाच हजारांनी पाडली. गाडी चांगली, पण तोंड म्हातारे!

ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्येच थांबले. एवढी वर्षे ऊन खाल्ल्यावर उन्हातील अतिनील किरणांनी काळ्या प्लास्टिकचा वरचा थर मरतो आणि रंग उडतो. बांधवाने रॉकेलचा बोळा फिरवला होता. दोन दिवस तकाकी आली, मग पुन्हा जैसे थे. उलट तेलकटपणा राहिला, आणि तेलावर रंग धरत नाही.

म्हणून रविवारी सकाळी आधी साबणाने खरडून धुतले. वाळल्यावर ३२० नंबरचा व नंतर ६०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यासह हलक्या हाताने मारला. वहिनींनी व मुलीने भोवतीच्या पत्र्यावर टेप लावून वर्तमानपत्रे चिकटवली. प्लास्टिकचा प्रायमर मात्र टाळू नका, वाचकहो. पैसे वाचवायला गेलो आणि पापुद्रे निघालेला रंग पुन्हा खरडत बसलो, असे मी एकदा केले आहे. मग मॅट काळ्या स्प्रेचे तीन पातळ हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटे, सावलीत. जाड हात मारला की ओघळ आलाच. काचेभोवतीचे रबर रंगवले नाही. ते लवचिक, त्यावर रंग तडकतो.

ते गिऱ्हाईक येत्या रविवारी पुन्हा येणार आहे.