लग्नाची परवानगी

लग्न करायचं असेल तर आधी सरकारची लेखी परवानगी घ्या. लग्नानंतर संसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं, तर राजीनामा द्या. भारतीय परराष्ट्र सेवेच्या 1961 च्या आचरण नियमांत हा 8(2) क्रमांकाचा नियम होता आणि तो फक्त स्त्री अधिकाऱ्यांना लागू होता. विवाहित स्त्रीला सेवेत नेमणुकीचा हक्क नाही, असं भरतीच्या नियमांत वेगळं नमूद केलेलं होतं.

या सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी कोडगूच्या सी. बी. मुथम्मा. 1949 साली त्या रुजू झाल्या. मुलाखत मंडळाने त्यांना परावृत्त करून पाहिलं होतं. लग्न केल्यास सेवा सोडेन, असं हमीपत्रही लिहून घेतलं गेलं. पुढे 1970 मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. त्यांनी लग्न केलं नाही.

पुरुष अधिकाऱ्याचं लग्न मात्र सेवेला हवंच असायचं. मेजवानीला कोण कुणाशेजारी बसणार, कुणाला काय चालत नाही, कुठल्या राजदूताच्या पत्नीकडे परतभेटीला जायचं राहिलंय, हे सगळं वकिलातीत साहेबांच्या पत्नीच सांभाळायच्या. पगार एकाचा आणि राबायचं दोघांनी. लग्नाचा पुरुषाच्या बाबतीत फायदा मोजला जाई आणि स्त्रीच्या बाबतीत धोका. मला यातला हा दुटप्पीपणा नियमाच्या भाषेपेक्षाही जास्त बोचतो.

वरच्या श्रेणीची बढती नाकारली गेली, तेव्हा मुथम्मा थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरकारची धावपळ झाली. सुनावणीआधीच त्यांना बढती मिळाली. भरतीचा तो नियम 1973 मध्येच काढला आहे आणि 8(2) सुद्धा काढतो आहोत, असं न्यायालयाला सांगण्यात आलं. सप्टेंबर 1979 मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी याचिका निकाली काढली. पण तेवढ्यावर सोडलं नाही. संसाराच्या जबाबदाऱ्या स्त्रीच्या कामाआड येतात, तर पुरुषाच्या का येत नाहीत, असं त्यांनी विचारलं. मुथम्मांची सेवाज्येष्ठता पुन्हा तपासा आणि कुणी कोर्टात येण्याची वाट न पाहता सेवेचे सगळेच नियम चाळून त्यांतला भेदभाव काढा, असं बजावलं. गेलेली वर्षं तपासणीने परत येत नाहीत, तरीही त्या लढल्या, याचं मोल मला फार वाटतं.

परराष्ट्र सचिवपदावर पहिली स्त्री यायला 2001 साल उजाडलं. त्या चोकिला अय्यर. 2009 मध्ये निरुपमा राव आणि 2013 मध्ये सुजाता सिंह आल्या. अय्यर 1964 च्या तुकडीतल्या, राव 1973 च्या आणि सिंह 1976 च्या. म्हणजे तिघीही सेवेत आल्या, तेव्हा लग्नाच्या परवानगीचा नियम पुस्तकात होताच.