पदरचे पुण्य की पित्याची कृपा?
नाताळनिमित्त

मार्गशीर्ष-पौषाची थंडी वऱ्हाडात उतरते, तेव्हा शेगावच्या वाटेवर श्रीगजाननमहाराजांच्या भक्तांची वर्दळ चालूच असते. त्याच दिवसांत बुलढाणा, खामगाव, मलकापूर या गावांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या दारांवर कागदी चांदण्या झळकू लागतात. शेजारच्या घरातून करंज्यांचे ताट आपल्याकडे येते आणि दिवाळीच्या फराळाची परतफेड होते. ताटाची ही ओळख जुनी आहे. परंतु त्या घरातली आई आपल्या लेकराला देवाविषयी नेमके काय सांगते, हे जाणून घेण्याचा प्रसंग आपल्यावर क्वचितच येतो. सणाच्या निमित्ताने ते समजून घेणे अस्थानी ठरू नये.

त्या शिकवणुकीच्या गाभ्याशी एक शब्द आहे: 'नीतिमान ठरणे'. देवापुढे मनुष्य निर्दोष कसा ठरतो, हा त्यातील प्रश्न. ख्रिस्ती धर्म, विशेषतः प्रॉटेस्टंट पंथ, याचे उत्तर असे देतो, की कोणीही आपल्या सत्कृत्यांच्या बळावर देवापुढे ताठ उभा राहू शकत नाही. ख्रिस्ताने क्रुसावर आपले प्राण वेचून माणसाच्या पापाचा भार स्वतःवर घेतला. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यास देव निव्वळ कृपेने आपला म्हणतो.

विचार गहन, पण तो मुलांना सांगण्याची रीत सोपी आहे. रविवारच्या शाळेत येशूने सांगितलेला एक दृष्टान्त हमखास सांगितला जातो. मंदिरात दोघेजण प्रार्थनेस गेले. एक परूशी, म्हणजे आचारधर्म काटेकोर पाळणारा. त्याने आपल्या उपवासांचा आणि दानधर्माचा पाढा देवापुढे वाचला. दुसरा जकातदार, लोकांना नाडणारा म्हणून बदनाम. तो दूरच थांबला, वर पाहण्याचेही त्याला धैर्य झाले नाही. ऊर बडवीत त्याने केवळ दया मागितली. येशू म्हणाला, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

मुलांना या गोष्टी घरातच सांगाव्यात, हा आग्रह जुना आहे. जर्मनीतील धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली एक छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. गावोगावच्या मंडळींना धर्माची साधी ओळखही नाही, हे पाहून त्यांनी ती कुटुंबप्रमुखांच्या हाती दिली. नीतिमान ठरण्याच्या याच प्रश्नावर त्या काळी ख्रिस्ती जग दुभंगले होते. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरपंथीय यांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. एवढे ऐक्य साधावयास जवळजवळ पाच शतके लागली.

वऱ्हाडात ही शिकवण रुजविण्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचा मोठा वाटा आहे. त्याचे काम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत अनेक मुले पोरकी झाली आणि मिशनांच्या आश्रयाला आली. त्या काळच्या धर्मांतरांविषयी वाद झाले. तो वाद सणाच्या दिवशी उकरावयाचा नाही. मात्र एक गोष्ट मनात येते. ज्या लेकराचे घर गेले, माणसे गेली, त्याच्याजवळ देवाला दाखविण्यासारखे काय उरले असेल? 'तू रिकाम्या हातांनी आलास तरी चालेल' हे वाक्य अशा मुलाच्या कानी किती वेगळे वाजले असेल!

आपल्या वाचकांना हा सूर अगदीच परका वाटणार नाही. देऊळगावराजा तालुक्यातील मेहुणाराजा हे संत चोखोबांचे जन्मस्थान मानले जाते. पंढरीच्या देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांनी जातिकुळाचा आधार मागितला नाही, विठ्ठलाची कृपा मागितली. येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. जकातदार दूर उभा राहिला तो स्वतःच्या अपराधाच्या जाणिवेने. चोखोबांना दूर ठेवले ते समाजाने, आणि तो अपराध समाजाचा होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांची भक्तिगीते मराठी चर्चमधून आजही गाइली जातात.

दोन्ही मार्ग एकच आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. कर्मफलाचा सिद्धान्त आणि एकदाच घडलेले ख्रिस्ताचे बलिदान यांत अंतर आहे, आणि ते दोन्हीकडचे जाणकार मानतात.

येथे चिकित्सक पालक विचारील, की सारे कृपेनेच मिळणार, तर मूल चांगले वागेल कशाला? हा प्रश्न ख्रिस्ती आयांनाही सुटलेला नाही. त्यांचे उत्तर असे, की क्षमा झालेले मूल भयाने नव्हे, कृतज्ञतेने चांगले वागते. ज्या विश्वासातून सत्कर्म उपजत नाही तो विश्वास निर्जीव, असे बायबलमधील याकोबाचे पत्रही बजावते. आपल्याकडे रामानुजांच्या परंपरेत हाच वाद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी चालला. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, तर मांजर आपल्या पिलाला तोंडात धरून नेते. जीव देवाला धरतो की देव जीवाला, हा विचार दोन्ही अंगणांत झालेला आहे.

घरात फुलदाणी फुटते. मूल दाराआड दडते. त्या क्षणी त्याच्या मनात आपल्याविषयी जे चित्र असते, त्यातूनच त्याच्या देवाचे चित्र आकार घेऊ लागते. शिक्षा करणाऱ्याचे भय मोठे, की जवळ घेणाऱ्याचा विश्वास मोठा? २५ डिसेंबरला शेजारच्या घरी गव्हाणीतल्या बाळापुढे दिवा लागेल. तो पाहून परतताना हा एक प्रश्न आपल्या घरी आणला, तरी सणाची भेट पदरात पडली असे समजावे.