शिराझ वाइन कशी चाखावी, कशी द्यावी? द्राक्ष बागायतदारांसाठी उपयुक्त माहिती

वाइनसाठी शिराझ लावलेल्या बागायतदारांची एक तक्रार काढणीच्या दिवसांत हमखास ऐकायला मिळते. मणी काळा झाला, ब्रिक्स २२ च्या पुढे गेले, तरी वाइनरी ‘अजून आठ दिवस थांबा’ म्हणते. इकडे मणी सुरकुततो, वजन घटते आणि पैसे तर किलोवर मिळतात. मग थांबायचे कशासाठी? या प्रश्नाचे अर्धे उत्तर रिफ्रॅक्टोमीटर देतो, उरलेले अर्धे ग्लासात सापडते. म्हणून आपल्या मालाची वाइन नीट चाखता येणे हे बागायतदाराच्या फायद्याचे आहे.

जातीची ओळख

शिराझ आणि सिरा ही एकाच जातीची दोन नावे. इराणमधील शिराझ शहरावरून ही जात आली, अशी आख्यायिका आहे. मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या डीएनए तपासणीतून ड्युरेझा आणि माँड्यूज ब्लांश या फ्रान्समधील दोन जातींच्या संकरातून ती तयार झाल्याचे सिद्ध झाले. ऱ्होन नदीचे खोरे हे तिचे जुने घर. १८३० च्या दशकात जेम्स बझबी यांनी युरोपातून नेलेल्या काड्यांमधून ती ऑस्ट्रेलियात रुजली आणि तिथे शिराझ हेच नाव रूढ झाले. नाशिक परिसरातही लाल वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या प्रमुख जातींपैकी ही एक आहे.

देण्यापूर्वीची तयारी

तापमान : लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, असे सांगितले जाते. ही सूचना युरोपातील थंड घरांसाठी आहे. शिराझसाठी १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान योग्य. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे घरात ३० अंशांच्या वर तापमान असते. अशा गरम वाइनमध्ये अल्कोहोल नाकाला झोंबतो आणि फळाचा वास दबतो. बाटली दीड ते दोन तास फ्रिजमध्ये किंवा १० ते १५ मिनिटे बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. वाइनमध्ये बर्फ टाकू नये. फार थंड वाइनही टाळावी; तिचा वास मिटतो आणि तुरटपणा जास्त जाणवतो.

हवा : वाइन नवीन असल्यास पिण्यापूर्वी अर्धा तास रुंद तोंडाच्या काचेच्या जगमध्ये ओतून ठेवावी. नुसते बूच काढून ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

ग्लास : खाली फुगीर, तोंडाशी निमुळता आणि पातळ काचेचा असावा. एक तृतीयांशच भरावा, म्हणजे फिरवता येतो. दांडीला धरावे, हाताची उष्णता लागत नाही.

चाखताना बागेकडे पाहा

१. रंग : पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. नव्या शिराझचा रंग गडद आणि कडेला जांभळी झाक असते. वाइन नवीन असूनही रंग मंद, निळसर वाटत असेल तर सामू जास्त असण्याची शक्यता आहे. पालाशचा वापर गरजेपेक्षा जास्त झाला की रसाचा सामू वाढतो. म्हणून माती व देठ परीक्षणाशिवाय पालाश देऊ नये.

२. वास : ग्लास फिरवून हुंगा. जांभूळ, करवंद यांसारख्या काळ्या फळांचा वास आणि त्यामागे काळी मिरी ही शिराझची ओळख. मिरीचा हा वास रोटंडोन या घटकामुळे येतो. काळ्या मिरीतही तोच घटक असतो. साधारण पाचपैकी एका माणसाला तो जाणवतच नाही, त्यामुळे तुम्हाला आला नाही तर घरातील दुसऱ्याला विचारा. रोटंडोन मण्याच्या सालीत असतो आणि घड जास्त तापल्यास कमी होतो. त्यामुळे दुपारचे ऊन लागणाऱ्या बाजूची पाने सरसकट काढू नयेत. हिरव्या पानासारखा वास आल्यास काढणी लवकर झाली, मनुक्यासारखा किंवा शिजलेल्या जॅमसारखा आल्यास उशीर झाला, असे समजावे.

३. चव : छोटा घोट तोंडात सगळीकडे फिरवा. हिरड्यांवर जाणवणारा तुरटपणा टॅनिनचा असतो. तो मऊ असेल तर साल व बी चांगली पिकली होती. जीभ कोरडी पडून कडवटपणा राहिला तर बी कच्ची असल्याची शंका घ्यावी. बागेत याची चाचणी सोपी आहे: बी चावून पाहा. पिकलेली बी तपकिरी असते आणि कुरकुरीत फुटते.

अनेक नमुने चाखायचे असतील तर घोट थुंकावा. तज्ज्ञही तसेच करतात. वय व परवान्याचे नियम पाळावेत आणि वाइनला औषध समजू नये.

जेवणासोबत

टॅनिनला प्रथिने आणि स्निग्धता मानवते. कांदा-खोबऱ्याच्या वाटणातील सुके मटण, भाजलेले पनीर, शेंगदाण्याचे कूट घातलेली भरली वांगी चांगली जुळतात. मात्र तिखट बेताचे ठेवावे, कारण मिरचीमुळे अल्कोहोलची जळजळ वाढते. उरलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.

हिशेब मांडा

पक्वतेच्या शेवटच्या टप्प्यात मण्यातील पाणी कमी होणे हा शिराझचा स्वभाव आहे. ब्रिक्स २२ ते २४ कडे जाताना वजन घटत असेल, तर ही वाढ बरीचशी पाणी कमी झाल्याची असते. याच दिवसांत बी पिकते आणि वासही बदलतो. वाइनरीला हवे असते ते हेच. पण त्याची किंमत बागायतदार मोजतो.

म्हणून ब्रिक्स २० झाल्यापासून दर तीन-चार दिवसांनी बागेतील वेगवेगळ्या वेलींवरचे १०० मणी घेऊन वजन, ब्रिक्स आणि बीचा रंग वहीत लिहावा. समजा, थांबल्यामुळे १०० किलोचे ९० किलो झाले. तेवढेच पैसे मिळण्यासाठी दर सुमारे ११ टक्के जास्त हवा. ही नोंद समोर ठेवून दर आणि काढणीची अट हंगामापूर्वीच करारात लिहून घ्यावी. शक्य असल्यास आपल्या प्लॉटच्या मालाची वाइन स्वतंत्र चाखायला मागावी. ती चाखून पुढच्या फळछाटणीपूर्वी बागेत काय बदलायचे, हे ठरवणे सोपे जाते.