जुना बेस घेताना आधी नेक पाहा

लिओ फेंडरने 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ आणला. त्याची 34 इंचांची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, आजही बहुतेक बेस गिटारवर कायम आहे. अमेरिकी बनावटीचा फेंडर जुना असला तरी महागच पडतो. कमी पैशांत यामाहा किंवा फेंडरच्याच मालकीचा स्क्वायर शोधणे शहाणपणाचे.

रंग उडालेला असला तरी बिघडत नाही, नेक मात्र नीट तपासावा. तो डोळ्यांसमोर आडवा धरून हेडकडून बॉडीकडे पाहावे. थोडा बाक नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवून काढता येतो. नेक पिळवटलेला असेल किंवा रॉड फिरतच नसेल, तर कितीही स्वस्तात मिळाला तरी तो बेस सोडून द्यावा. मग चारही तारांवर एकेक फ्रेट वाजवून सूर कुठे दबतो, कुठे झणझणतो ते ऐकावे.

खरखरणारा नॉब, ढिला जॅक ही कामे किरकोळ.

जुन्या तारांनाही घाबरू नये. मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन आपल्या 1962 च्या प्रिसिजनच्या तारा तुटेपर्यंत बदलत नसे! तरीही नव्या संचाचा खर्च घासाघीस करताना धरावाच. बेसच्या तारा साध्या गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग असतात.

अँपला जोडून वाजवल्याशिवाय पैसे मोजू नका.