मुलांची खरूज : औषध एकाला नको, साऱ्या घराला हवे



"पोरगं रात्रभर खाजवतंय, झोपू देत नाही," ही तक्रार घरोघरी ऐकू येते. 'उष्णता झाली असेल' म्हणून आपण सोडून देतो. पण बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती, ढुंगणावर बारीक पुरळ असेल व खाज रात्री वाढत असेल, तर ती बहुधा खरूज समजावी. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर व डोक्यावरही पुरळ येते.

खरूज उष्णतेने होत नाही. पिकावर लाल कोळी पडतो ना, त्याच्याच जातकुळीचा हा बारीक किडा. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. अंगाला अंग लागून, एका अंथरुणात झोपून तो पसरतो. पहिल्या खेपेस लागण झाल्यावर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे आज धडधाकट दिसणाऱ्याच्या अंगावरही किडा असू शकतो.

नेमके येथेच आपले चुकते. एकट्या पोराला औषध लावणे म्हणजे एकाच सरीत फवारणी करणे. बाकीच्या रानातून कीड पुन्हा येणारच!

डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रीनचे मलम देतात. ते घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, सकाळी अंघोळ करावी व आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ही बाळे व गरोदर बायांसाठी आधी डॉक्टरांना विचारावे. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवाव्यात. किडा मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते, घाबरू नये.

रॉकेल, जळके ऑईल किंवा शेतातले फवारणीचे औषध अंगाला मुळीच लावू नका. त्याने कातडी भाजते, विषबाधाही होते. दुकानातून मनानेच मलम आणू नये. त्यात स्टेरॉईड असल्यास खाज तेवढी दबते, रोग आत वाढतो.

खाजवून जखमा पिकल्या तर दुर्लक्ष नको. त्यातल्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. तोंड सुजले, लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

खरूज होणे ही लाजेची गोष्ट नव्हे, स्वच्छ घरातही ती होते. आणखी एक. तोडणीला आलेल्या टोळीची मुले आपल्याच मुलांबरोबर खेळतात. कोपीवर कुणी खाजवताना दिसले, तर त्या कुटुंबालाही प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. त्यात त्यांचेही भले आणि आपलेही.