साष्टीच्या खडकांवर शेवाळांची मोजणी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील वर्गात ‘बेटावर कोण राहते?’ असे विचारून पाहा. बहुधा एकही हात वर येणार नाही. वास्तविक ही सारी उपनगरे साष्टी बेटावरच आहेत. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. या पश्चिम किनाऱ्यावर मढ-अक्साजवळ ओहोटीला काळे खडक उघडे पडतात. त्यांवरील शेवाळांचे सर्वेक्षण शाळेलाही करता येईल.

आधी वेळ साधली पाहिजे. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दीडच्या सुमारास भरती. म्हणून त्याआधी सुमारे सहा तास, सकाळी सव्वासात-साडेसातला ओहोटी. हे दिवस उधाणाचे, त्यामुळे पाणी दूरवर हटते. अष्टमीला भांगाची ओहोटी असते आणि खालचे खडक पाण्यातच राहतात. आम्ही एकदा पंचांग न पाहता गेलो आणि हात हलवत परतलो! हंगाम नोव्हेंबर ते मार्च हा बरा. पावसाळ्यातील लाटा आणि गाळ यांपुढे फारसे काही टिकत नाही.

किनाऱ्याकडून पाण्याच्या दिशेने दोरी ताणावी. ठरावीक अंतरावर तारेची 50 सेंटिमीटर बाजूची चौकट ठेवावी. आत दोरे बांधून 25 घरे करावीत. प्रत्येक घरात कोणते शेवाळ अधिक आहे ते लिहावे. वरच्या भागात बहुधा हिरवी उल्वा भेटेल. तिचे पान फक्त दोन पेशींच्या जाडीचे असते. खाली तपकिरी सरगॅसम, पंख्यासारखी पॅडिना, डबक्यांत तांबूस ग्रॅसिलेरिया. उपटू नये, चित्र काढावे. पाणी वळले की मुलांना लगेच बाहेर काढावे.

आता खरी अडचण. समजा, दोन ठिकाणी प्रत्येकी 100 घरे मोजली आणि दोन्हीकडे चारच जाती मिळाल्या. एकीकडे प्रत्येकीची 25 घरे. दुसरीकडे उल्वाची 97 आणि उरलेल्या तिघींचे एकेक. विविधता सारखी म्हणायची? प्रत्येकीच्या वाट्याचा वर्ग करून बेरीज 1 मधून वजा करा. पहिल्या ठिकाणी 0.75 येतात, दुसऱ्या ठिकाणी जेमतेम 0.06. सांडपाण्यातून नायट्रोजन मिळाला की उल्वा झपाट्याने फोफावते, आणि किनारा हिरवागार दिसतो. नुसती जातींची यादी केली तर हा फरक निसटतो.

तरीही जुन्या याद्या मोलाच्या आहेत. 1927-28 च्या हिवाळ्यात डॅनिश शैवालतज्ज्ञ फ्रेडरिक ब्योर्गेसेन यांनी मुंबईच्या किनाऱ्यावर शेवाळे गोळा केली आणि 1930 पासून त्यांवर लेख प्रसिद्ध केले. मात्र तुलना जपून करावी. पूर्वी नळीसारख्या शेवाळांची ‘एन्टरोमॉर्फा’ ही वेगळी प्रजाती मानत. 2003 मध्ये जनुकीय पुराव्यावरून ती उल्वात विलीन झाली. म्हणजे खडकावरचे एकही रोप नाहीसे न होता यादीतील एक प्रजाती कमी झाली.